काच लागेपर्यंत

बालाघाट
१९ जुलै २००४

प्रियंका,

जय भीम. तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं. तिकिटावरचा बिनपंखाचा किवी पक्षी पाहूनच तिला कळलं कोणाचं ते. म्हणाली, "घे. सव्वा वर्षानं पोट्टीले तुही याद आली." मी म्हणालो, कामापुरती आली असेल. उघडलं तर खरंच कामापुरती. मला राग आला नाही. म्हणजे आधी आला, मग जेवलो, मग गेला.

तू निघालीस त्या दिवशी स्टेशनवर मी जे बोललो त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मग मीही लिहीत नाही.

तुझ्या बाबांचं, म्हणजे टिकारामकाकांचं, प्रकरण मी तीनदा वाचलं. समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांग. काका धंद्याच्या व्हिसावर तिकडे गेले, तीन वर्षांच्या. पोह्या-चिवड्याचा कारखाना चालला नाही. मुदत वाढवून मागितली, ती नामंजूर झाली. तीस सप्टेंबरनंतर तुम्हाला हॅमिल्टनमध्ये राहता येणार नाही. बरोबर?

आणि ते नामंजुरीचं कारण वाचून मी आधी हसलो आणि मग पुन्हा वाचलं. धंद्याच्या आराखड्यात काकांनी लिहून दिलं होतं की तिथली दोन माणसं कामावर ठेवू. ऑफिसरनं विचारलं, किती ठेवली? आणि काका छाती काढून म्हणाले, एकही नाही साहेब, सगळं घरच्या घरी करतो, मी, बायको आणि मुलगी. त्यांना वाटलं दोन म्हणजे जास्तीत जास्त दोन. एकही न ठेवता भागवलं म्हणजे साहेब पाठ थोपटेल. प्रियंका, किरनापूर रोडवरच्या तुमच्या पोहा मिलमध्ये ते हेच वाक्य पाहुण्यांना ऐकवायचे आणि लोक खरंच पाठ थोपटायचे. "घरचे हात असताना बाहेरचा माणूस काहून ठेवायचा?" मीच शंभरदा ऐकलं असेल. तिथल्या सरकारला मात्र बाहेरचा माणूसच हवा होता.

मी दोन दिवस सायबर कॅफेत बसून तुमच्या देशाचे (तुमच्या म्हणू का अजून?) नियम वाचले. धंदा बुडला की माणसाला काय काय करता येतं, ते सगळं तिथं लिहिलेलं आहे. पहिला रस्ता, परत यायचं. हा सगळ्यात सोपा आहे. याला कोणाची मंजुरी लागत नाही. मिलचं शेड तसंच उभं आहे, कुलूप मी स्वतः ओढून पाहिलं. काकूंना इथली हवा मानवते. तुझी बीएस्सीची दोन वर्षं झालेली आहेत, तिसरं इथं होईल. वैनगंगेच्या पुलावर आता दिवे लागलेत.

बाकीचे रस्तेही आहेत. काकांना कोणी नोकरी दिली तर नोकरीचा व्हिसा मिळू शकतो, पण पन्नाशीच्या पोहेवाल्याला कोण देणार. नवा आराखडा करून पुन्हा अर्ज करता येतो, त्याला वेळ नाही आणि काकांची हिंमत नाही असं तूच लिहिलं आहेस. तिथं कायम राहणाऱ्या माणसाशी लग्न केलं तर राहता येतं. त्या फिजीवाल्या कुटुंबाचा मुलगा पोह्याचं पाकीट न्यायला दर रविवारी यायचा असं तू लिहिलंस. एक माणूस आठवड्याला किती पोहे खातो? असो.

आणि शिकण्याचा व्हिसा. तू ज्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला जातेस, तिथल्या बाई तुझ्या नर्सिंगच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा भार घ्यायला तयार आहेत, नंतर नोकरीही देतील, हे वाचलं. त्यासाठी कॉलेजची टीसी आणि विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट वीस सप्टेंबरच्या आत तिकडे पोहोचायला हवं, आणि तुझं सख्खं म्हणावं असं आता इथं कोणी नाही. बघतो.

शेवटी तू विचारलंस, "आणि तुला काय वाटतं ते लिही." कागदावर जागा उरली आहे, पण टपाल निघायची वेळ झाली.

धम्मपाल


बालाघाट
९ ऑगस्ट २००४

प्रियंका,

कॉलेजात गेलो. तीन वर्षांनी. फाटकातून आत पाय टाकताना वाटलं की चपराशी ओळखून हाकलेल. त्यानं ओळखलं आणि चहा विचारला.

खिडकीवर तोच नथ्थूबाबू. आठवतो ना? तुझा परीक्षेचा फॉर्म फोटो नाही म्हणून त्यानं परत केला होता, तू पायऱ्यांवर बसून रडलीस, आणि मी जाऊन त्याच्या खिडकीच्या काचेवर हात मारला. काच फुटली. माझ्या तळव्याला पाच टाके पडले. प्राचार्यांनी माफी लिहून मागितली तेव्हा मी म्हणालो, कॉलेज तुमचं, ठेवा तुमच्याजवळ. आपण दोघांनी एकाच वर्षी कॉलेज सोडलं, तू विमानानं आणि मी खिडकीतून.

तेव्हापासून मी कलेक्टर कचेरीबाहेर फकिरामामांच्या टेबलावर लोकांचे अर्ज टाइप करतो, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे? टिनाचं छप्पर, एक टाइपरायटर, मामा आणि मी. मामांची एक रीत आहे. कोणीही अर्ज लिहायला आला की कागद चढवायच्या आधी त्याला विचारतात, "काय पाह्यजे तुले, एका ओळीत सांग." माणूस आजोबांपासून सुरू करतो. मामा थांबवतात. एका ओळीत येईपर्यंत मशीनला हात लावत नाहीत. मला म्हणाले होते, "ज्याले दोन ओळी लागून राह्यल्या ना पोरा, तो काहीतरी लपवून राह्यला."

तर नथ्थूबाबू. चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "आ गया खिडकीवाला." खिडकीला अजून पुठ्ठा लावलेला. मी तुझं नाव सांगितलं, टीसी मागितली. त्यानं कपाटातून तुझी फाइल काढून समोर उघडी धरली. वर लाल शाईचा शेरा: काच लागेपर्यंत कागद देऊ नयेत. फोडली मी आणि शेरा तुझ्या फाइलवर! मी म्हणालो, यात तिचा काय दोष? म्हणाला, तू तर नाव कापून गेलतास, तुझी फाइलच बंद झाली, शेरा लिहायचा कुठं? ज्या कामासाठी काच फुटली त्या कामावर लिहिला.

माझे कान तापले. तुला माहीत आहे माझे कान तापले की पुढं काय होतं. तळहातावरच्या टाक्यांच्या खुणेकडे पाहत उभा राहिलो. मागे फॉर्मवाल्या मुलींची रांग होती. एका ओळीत म्हणालो, "बाबूजी, माझी चुकी झाली."

त्यानं फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली. "नाप ले."

मी मापं घेतली, काच कापून आणली, सायकलवर छातीशी धरून, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बसवली. पुट्टी मळली, कडेनं भरली, अंगठ्यानं गुळगुळीत केली. नथ्थूबाबू आत बसून काम करत होता आणि अधूनमधून आतून बोट दाखवायचा, इथं कमी आहे. काम झाल्यावर त्यानं काढून ठेवलेला पुठ्ठा टाकून दिला. तो म्हणाला, तीन वर्षं त्याच्या उजव्या खांद्याला वारा लागत होता. मला हे कधी सुचलंच नव्हतं की त्या काचेमागे एक खांदा आहे. आणि खरं सांगायचं तर फॉर्मवर फोटो नव्हताच, प्रियंका.

टीसी मिळाली. तुझ्या आडनावाखाली "चालचलन उत्तम" लिहिलं आहे. आता मायग्रेशनसाठी जबलपूर.

मला काय वाटतं, त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जबलपूरहून आल्यावर.

धम्मपाल


बालाघाट
२८ ऑगस्ट २००४

प्रियंका,

घाईत आहे. जबलपूरला जाऊन आलो. छोट्या गाडीनं. लामता येईपर्यंत बसायला जागा नव्हती, तिथं अर्धा डबा भाजीच्या टोपल्या घेऊन उतरला. नैनपूरला गाडी इतकी थांबली की मी दोनदा उतरून तोंड धुतलं.

विद्यापीठात कारकुनांचं काही आंदोलन चालू आहे. कागद व्हायला वेळ लागेल असं म्हणतात. होईल काम. नाही झालं तरी जीव जाळू नकोस. तसंही तिकडे एकटी राहून तू काय करणार? काका-काकू परत येणार, तू कोणाच्या आधारानं राहशील? आजारी पडलीस तर? त्या म्हाताऱ्यांना तू वाचून दाखवतेस, तुला कोण वाचून दाखवेल?

परवा मी मिलचं कुलूप उघडून आत झाडून घेतलं. चावी काकांनी जाताना आईजवळ ठेवली होती. एका कोपऱ्यात तुझी चप्पल सापडली, निळ्या पट्ट्याची, एकच. दुसरी कुठं आहे?

फिजीवाला अजून येतो का?

धम्मपाल


बालाघाट
६ सप्टेंबर २००४

प्रियंका,

या पाकिटात तुझी टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट आहे. आधी ते नीट काढून ठेव. मग पुढचं वाच. मग पत्र फाडायचं असेल तर फाड.

सर्टिफिकेटवरची तारीख बघ. चोवीस ऑगस्ट. जबलपूरला कसलंही आंदोलन नव्हतं. अर्ज देऊन मी तिसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन परतलो होतो. येताना गाडीत ते शर्टाच्या आत ठेवले होते, टोपल्यांच्या पाण्यानं भिजू नयेत म्हणून. इतकं जपून आणले आणि घरी आल्यावर माझ्या पेटीत, गरम कपड्यांच्या खाली ठेवले. म्हटलं, उद्या टाकू. मग उद्या. मग मला हिशेब दिसायला लागला की मी काहीच केलं नाही, नुसता गप्प राहिलो, तरी वीस तारीख आपोआप निघून जाईल आणि तू ऑक्टोबरात इथं असशील. कोणी मला दोष देणार नाही. विद्यापीठाला देतील.

त्या पेटीवर बसूनच मी तुला अठ्ठावीसचं पत्र लिहिलं.

आज सकाळी लामत्याहून मैनाबाई नावाची एक बाई मामांच्या टेबलाशी आली. तिच्या मुलीला पुढच्या शाळेत जायचं आहे आणि जुन्या शाळेचा हेडमास्तर टीसी देत नाही, आज या, उद्या या करतो. मामांनी विचारलं, एका ओळीत सांग. ती म्हणाली, "माह्या पोरीचा कागद दे म्हणा, बस."

मामांनी अर्ज माझ्याकडे दिला. मी तापलो. तुला माहीत आहे मी कसा तापतो. मशीनवर असा बडवत सुटलो की शेजारचे वकील वळून पाहायला लागले. लिहिलं की एका मुलीचं पुढचं आयुष्य दाबून तुम्ही कोणत्या अधिकारानं बसला आहात? तुम्हाला ती गावात राहायला हवी, म्हणून तिनं राहायचं का? तुम्ही तिला विचारलंत का? इथपर्यंत आलो आणि माझी बोटं थांबली.

मामांनी कागद ओढून घेतला, वाचला. म्हणाले, "झाला तर लय चांगला. पण हेडमास्तरले ती गावात कायले पाह्यजे? कोणाले लिहून राह्यला तू हे?"

मी मैनाबाईचा अर्ज दुसऱ्या कागदावर साधा टाइप करून दिला, तिच्या एका ओळीचा. मग सायकल घेऊन घरी आलो आणि पेटी उघडली. आई दारात उभी होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाली, "मी वाटच पाहून राह्यलती, का तू कधी उठशीन." मी विचारलं, मग तू बोलली काहून नाई? म्हणाली, "मी बोलली असती त माह्यावर चिडून ठेवून घेतले असते तू."

आता हेड पोस्टात बसून हे लिहितो आहे. खिडकीवरचा माणूस म्हणतो, परदेशी स्पीड पोस्टला आठ दिवस, फार तर दहा. म्हणजे सोळा तारीख. तुला फोनही करणार आहे, म्हणजे तू कॉलेजला सांगून ठेवशील की कागद वाटेत आहेत.

तू विचारलं होतंस, मला काय वाटतं. मला वाटतं तू शिकावंस. म्हाताऱ्या माणसाला औषध देताना तू त्याच्याशी भांडशील, तो ऐकेल, आणि तुझ्यासारखी नर्स त्या गावाला मिळणार नाही. हे मी रागात लिहीत नाही.

स्टेशनवर मी म्हणालो होतो, "जा, आणि तिकडचीच होऊन राहा." ते मी परत घेतो. जा एवढंच ठेव. बाकीचं खोड.

धम्मपाल


बालाघाट
३ ऑक्टोबर २००४

प्रियंका,

तुझा फोन आला तेव्हा पीसीओत मामा, दोन वकील, एक हवालदार आणि त्याच्या हातकडीतला माणूस, सगळे उभे होते. तू म्हणालीस, "मिळाली ॲडमिशन, व्हिसा पण," आणि मी नुसतं हौ म्हणालो. तू म्हणालीस, "पेटीवाल्या, तुझ्याशी मी दोन दिवस बोलणार नव्हती." मी हौ म्हणालो. मग तू विचारलंस, "तू सांगितलं ते माझ्यासाठी काय वाटतं ते होतं. तुला स्वतःला काय पाहिजे, ते कधी सांगशील?" आणि मी पुन्हा हौ म्हणालो. हातकडीतला माणूस हसला. म्हणून लिहितो.

आधी घरची खबर. काका-काकूंना घ्यायला मी गोंदियाला गेलो होतो. काका वाळले आहेत. काकू डब्यातच माझ्या हातात चिवड्याचं पाकीट देऊन म्हणाल्या की हे शेवटचं, तिथलं.  झाडलेली मिल पाहिली तेव्हा काका दारातच थांबले. मग मला विचारलं, कोणी झाडलं? मी सांगितलं.

त्यांना मिल पुन्हा सुरू करायची आहे. आणि यावेळी, ऐक, ते म्हणतात की दोन बाहेरची माणसं ठेवणार. दोन म्हणजे दोन. तिकडच्या ऑफिसरवर त्यांचा इतका राग आहे की त्याचं ऐकूनच दाखवणार. एक जागा भरली, नथ्थूबाबूचा पुतण्या प्रेमलाल, सोमवारपासून येतो. नथ्थूबाबूकडे मी हल्ली जातो. त्यानं मला प्रायव्हेट परीक्षेचा फॉर्म दिला आहे, दुसऱ्या वर्षाचा. देताना म्हणाला, "फोटो लगा के लाना." भरला. फोटो लावून.

काल काकांनी मला मिलमध्ये बोलावलं. पोत्यावर बसले होते. मी दुसऱ्या जागेसाठी विचारलं, म्हणालो, सकाळी मामांकडे अर्ज लिहीन, दुपारनंतर इथं येईन. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पेटीचं माहीत आहे, तू सांगितलंस ना? मग म्हणाले, "ती जागा बाहेरच्या माणसाची आहे. तू बाहेरचा आहेस का घरचा, हे मले समजून नाई राह्यलं. पोट्टीले विचार आणि मग ये."

रात्री मी कागद घेऊन बसलो. मामांच्या रीतीनं. पहिल्या वेळी नऊ ओळी झाल्या, त्यात फिजीवाला दोनदा आला. खोडल्या. मग चार झाल्या. मग दोन, आणि दोन्हींत मी काहीतरी लपवत होतो. आता जमलं आहे असं वाटतं:

मला तुझ्या घरचा समज.

एवढंच मागणं आहे. त्यासाठी तू काही सोडायचं नाही, यायचं नाही, घाईही करायची नाही. दोन वर्षं शीक. उत्तर दोन वर्षांनी दिलंस तरी चालेल, पण काका तोवर जागा रिकामी ठेवणार नाहीत, म्हणून जरा आधी दे. बाहेरचा म्हणालीस तर पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. घरचा म्हणालीस तर काकांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे की घरच्या माणसाला पगार मिळणार नाही.

मला पगार नको आहे.

तुझा
धम्मपाल

दुसरी चप्पल सापडली. पोह्याच्या भट्टीमागे होती. दोन्ही धुऊन ठेवल्या आहेत.